दातवाल्यांची सीलबंद खोकी

तुमच्या घरात अशी एखादी वस्तू आहे का, जी बंद पडली तर घरातलं एक माणूस जेवायचंच थांबेल? शेगडी म्हणू नका. शेगडी बंद पडली तर शेजारी आहेत, कोपऱ्यावर खानावळ आहे. मी विचारतोय ते टीव्हीखाली ठेवायच्या एका काळ्या पेटीबद्दल. तिच्यात एक चकती फिरते, आणि ती फिरली नाही तर माणूस उपाशी. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे सवड मिळणार नाही.

ज्यांच्या घरातली ही गोष्ट आहे त्यांना सगळे दातवाले म्हणतात. डॉक्टर नाहीत ते. डॉक्टर दात काढतो, हे बनवतात. दवाखान्यांच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून त्यांची खोली आहे. आत प्लास्टरचा पांढरा धुरळा, मेणाचा वास, आणि खिडकीखालच्या टेबलावर ओळीने मांडलेले जबडे. पहिल्यांदा येणारा माणूस दारातच थबकतो. मी ट्रकवर उभा राहून भाषण ठोकत होतो, ड्रायव्हरने मधेच ट्रक सोडला आणि माझा पुढचा दात गेला. तेव्हा डॉक्टरने मला तिकडे धाडलं. दातवाल्यांनी मला खिडकीशी उभं केलं, दातांच्या रंगांची एक पट्टी ओठाशी धरली आणि बराच वेळ नुसतं बघत राहिले.

"काय झालं?" मी विचारलं.

"तुमचे बाकीचे दात चहाचे आहेत, पुढारी. पांढराशुभ्र बसवला तर लोक भाषण ऐकणार नाहीत, दातच बघत बसतील."

त्यांनी बसवलेला दात कुठला, हे आजवर कुणाला ओळखता आलेलं नाही.

असा डोळा असलेला माणूस घरी सिनेमा बघायची पेटी घ्यायला दुकानात गेला. त्या वेळी बाजारात नव्या चकत्यांच्या दोन जाती आल्या होत्या. आकार एकच, चकाकी एकच, पण हिची चकती तिच्या पेटीत चालायची नाही. कंपन्यांच्या दोन टोळ्यांचं भांडण, आणि मधे गिऱ्हाईक. दुकानदाराने दोन्ही लावून दाखवल्या. दातवाल्यांनी अर्धा दिवस तिथेच काढला आणि एक उचलली. "हिच्यात निळा खरा दिसतो," म्हणाले.

ती हरणार होती. पण तेव्हा कुणाच्या कपाळावर लिहिलेलं होतं ते?

मग त्यांना त्यांच्यासारखे भेटत गेले. अशी माणसं एकमेकांना कशी हुडकतात देव जाणे. एक फोटोवाला, लग्नाकार्यांचे फोटो काढणारा. एक भूगोलाचे सर. बँकेतला एक बारीक मिशीवाला, त्याचं नावच मिशी. रविवारी सकाळी दातवाल्यांच्या बाहेरच्या खोलीत मंडळ भरायचं. दातवाल्यांनी निवडलेली चकती म्हणजे 'आपली', दुसरी म्हणजे 'त्यांची'. 'त्यांची' हा शब्द उच्चारताना सरांचं तोंड कडू व्हायचं. मी अधूनमधून चहाला टेकायचो. मला काही फरक दिसत नसे. पण आपल्या बाजूला आपण कमी आहोत हे ठाऊक असून लढणारी माणसं मला आवडतात, माझा धंदाच तो.

त्यांचा एक रिवाज होता, तो नीट ध्यानात ठेवा. चकती आवडली की दोन घ्यायच्या. एक बघायला, एक ठेवायला. ठेवायची तिचं प्लास्टिक फोडायचं नाही. सील शाबूत म्हणजे मान. रविवारी कुणी न फोडलेलं खोकं घेऊन आला, की ते हातोहात फिरायचं. कडा बघायच्या, चिकटपट्टी बघायची, हलक्या हाताने परत द्यायचं. नव्या बाळाला तरी लोक इतकं जपून धरत नाहीत.

"आत वस्तू आहे की वीट आहे, कसं कळतं हो तुम्हाला?" वहिनींनी एकदा चहा देताना विचारलं. वहिनी म्हणजे दातवाल्यांची बायको, जीभ धारदार.

"विश्वास असतो," मिशी म्हणाला.

"बँकेत पण असाच का?"

त्या घरात आणखी एक माणूस होतं. दातवाल्यांची थोरली बहीण, ताई. लहानपणी डोक्यात ताप गेला, आणि ताई वयाने वाढली पण आतून तिथेच राहिली. आई होती तोवर आईकडे होती, आई गेल्यावर भावाकडे आली. आल्यावर जेवेना. आईच्या हातून जेवायची सवय, दुसऱ्याचा चमचा दिसला की दात आवळून घ्यायची. एका दुपारी दातवाले तिच्या समोर ताट घेऊन बसले होते आणि टीव्हीवर एक 'आपली' चकती चालू होती. नावाडी आणि शेळी असा साधाच सिनेमा. बाहेरच्या देशातला, पण बोलणं आपल्या भाषेत भरलेलं. पूर आला आहे, नावाडी शेळीला होडीत चढवतोय, शेळी हटून बसली आहे. मागे दोरीवर एक निळी चादर वाऱ्याने फडफडते. नावाडी शेळीच्या कानाशी वाकून म्हणतो, "बस गं. पाणी शांत आहे."

ताईने तोंड उघडलं. तिला तो आवाज काय वाटला, शेळी काय वाटली, चादरीत काय दिसलं, आपल्याला सांगता यायचं नाही. दातवाल्यांनी घास दिला, तिने घेतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच चकती, पुन्हा घास. काही दिवसांनी ती नावाड्याच्या बरोबरीने म्हणायला लागली, "बस गं. पाणी शांत आहे." सलग असं तिच्या तोंडून निघणारं ते एकच वाक्य. दातवाले रोज दुपारी काम टाकून घरी यायचे, पेटी लावायचे. शेळी होडीत चढून पलीकडच्या काठाला उतरेपर्यंत ताट रिकामं.

मग 'आपली' चकती हरली. रीतसर मरणाची बातमीसुद्धा आली नाही. आधी दुकानातली मोठी फळी गेली, मग कोपऱ्यातली मांडणी, मग खालचं टोपलं, आणि एक दिवस दुकानदार म्हणाला, "ते बंद झालं ना साहेब, आता तेच." बोट 'त्यांच्या' चकतीकडे. वर कंपनीनेच टूम काढली: जुनी पेटी आणून द्या, जिंकलेल्या जातीच्या पेटीवर सूट घ्या. लोकांनी रांगा लावल्या. परत आलेल्या पेट्यांचं काय केलं ठाऊक आहे? गोदामामागच्या आवारात यंत्राखाली चिरडल्या. मी दुसऱ्याच कामासाठी तिथल्या हमालांना भेटायला गेलो होतो, डोळ्यांनी पाहिलं. चालणाऱ्या पेट्या. विचारलं तर मुकादम म्हणाला, "वरून आलंय." हे 'वरून' कुठून असतं ते मी आयुष्यभर शोधतोय. जिना सापडत नाही.

मंडळ कसं फुटलं तेही ऐका. रविवारी फोटोवाल्याकडे जमले होते. टेबलावर भरतकामाचा कपडा टाकलेला, आणि कपड्याखाली काहीतरी लुकलुकत होतं.

"काय रे ते?" सर म्हणाले.

"इस्त्री."

"इस्त्री टीव्हीच्या वायरला कधीपासून लावतात?"

फोटोवाला लाल झाला. सरांनी कपडा उचलला. 'त्यांची' पेटी! सर चप्पल घालून तसेच निघाले. चार महिन्यांत सरांकडेही तीच आली, तो भाग वेगळा. मिशीने आपल्या चकत्यांना काटे लावून घड्याळं केली आणि नातेवाइकांना वाटली. फोटोवाल्याच्या बायकोने उरलेल्या चकत्या गच्चीतल्या कुंड्यांवर टांगल्या, पक्षी बसू नयेत म्हणून. ज्यांच्या कडा बोट लागेल म्हणून जपल्या, त्या उन्हात गरगर फिरत होत्या. मी त्यांना नावं ठेवत नाही. हरलेल्या बाजूला उभं राहायला रोज नवं कारण लागतं, आणि त्यांच्यापाशी नुसता निळा रंग होता.

दातवाल्यांपाशी ताई होती. दुकानं माल फुंकून टाकत होती तेव्हा त्यांनी चार पेट्या घेतल्या, कोऱ्या, सीलबंद. एकेक आयुष्याला पुरेल असा हिशोब. जुन्या साड्यांमध्ये गुंडाळल्या, दमट हवा शोषणाऱ्या पुड्या ठेवल्या आणि माळ्यावर चढवल्या. वर्षातून एकदा खाली काढायच्या, पुसायच्या, सील बघायचं, परत वर.

"सवत आणली असती तर निदान भांडी तरी घासली असती," वहिनी शिडी धरून म्हणायच्या.

"हळू धर गं. ताईचं जेवण आहे त्यात."

"ते ठाऊक आहे, म्हणून तर धरलीय."

खालची पेटी मात्र रोज राबत होती. रोज दुपारी शेळी, नावाडी, निळी चादर. वर्षं गेली. ताईचे केस पांढरे झाले, दातवाल्यांच्या हाताला बारीक कंप आला. आणि एका दुपारी शेळी होडीच्या काठावर एक पाय ठेवून थिजली. हलेना. मग पडदा काळा आणि पेटीच्या कपाळावर अक्षरं: डिस्क नाही.

ताईने चमच्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि दात आवळले.

दातवाले घाबरले नाहीत. याच दिवसासाठी तर माळा भरला होता. मी नेमका तेव्हा तिथे होतो, शिडी मीच धरली. पहिलं खोकं खाली आलं. सील फोडताना त्यांचा हात क्षणभर अडखळला, जुन्या सवयीने. आतून नव्या वस्तूचा वास आला. फोम पांढरा, वायरला अजून पिळाची तार. पेटीवर बोटाचा एक ठसा नाही. लावली. दिवा लागला. चकतीच्या ट्रेचं बटण दाबलं. आतून घूं असा आवाज आला आणि काही बाहेर आलं नाही.

"थांबा, नवी आहे, जड जात असेल," दातवाले म्हणाले. पुन्हा दाबलं. घूं. दुसरं खोकं फोडलं. घूं सुद्धा नाही. तिसऱ्याचा ट्रे बाहेर आला, आम्ही दोघं ओरडलोच. चकती ठेवली, आत गेली, बराच वेळ फिरली, आणि कपाळावर तीच अक्षरं. चौथीही तशीच. ताई आमच्याकडे बघत होती. ताटातलं गार झालं.

संध्याकाळी चारही पेट्या रिक्षात घालून रेडिओकाकांकडे नेल्या. गल्लीच्या तोंडाशी फळीवर बसून सगळ्या जगाचं बिघडलेलं उघडून बघणारा हा म्हातारा. त्यांनी पहिलीचं झाकण काढलं, आत बोट घातलं आणि वर करून दाखवलं. बोटाला काळा चिकट लगदा.

"हा बेल्ट होता," काका म्हणाले. "रबर आहे, वितळलं. ग्रीस बघ, मेणबत्ती झालीय. चकती वाचते ती लेन्स जागची हलत नाही. किती वर्षं बंद होत्या?"

"कधीच लावल्या नव्हत्या," दातवाले म्हणाले.

"एकदाही नाही?"

"सील होतं ना, काका."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहिलं.

"अरे, महिन्यातून एकदा नुसत्या फिरवल्या असत्या तरी…" काका म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडून दुसरीचं झाकण काढायला लागले. पुढचं बोलून कुणाचं काय भलं होणार होतं? रोज राबलेली पेटी इतकी वर्षं टिकली आणि जपलेल्या चारही माळ्यावर पडल्यापडल्या मेल्या. ज्याला जपणं म्हणत होते त्यानेच मारल्या. हे दातवाल्यांना कळलं तो क्षण मी पाहिला. रडले नाहीत. रुमाल काढला आणि काकांच्या बोटावरचा काळा लगदा पुसायला लागले.

काका हटले नाहीत. एकीचा बेल्ट दुसऱ्या कुठल्यातरी यंत्राचा कापून बसवला, एकीची लेन्स काढून दुसरीत घातली, चौघींची मिळून एक केली. ती चालली! ताई जेवली. वहिनींनी त्या दिवशी काकांना घरी बोलावून ताट वाढलं. पण दोन आठवड्यांत चित्र अडखळायला लागलं, मग शेळी चौकोन चौकोन होऊन फुटायला लागली.

"लेन्स थकलीय," काका म्हणाले. "नवी कुठून आणू? बनतच नाही."

आता तुम्ही म्हणाल, चकती उतरवून घ्यायची. शहाणे आहात. आम्ही काय गवत खात होतो? पेटी कशीबशी चालत होती तेव्हा फोटोवाला आपणहून आला, मान खाली घालून, हातात सिनेमा उतरवून घ्यायचं यंत्र. वायर जोडली की पेटी पडदा काळा करायची. कंपनीचं कुलूप. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूला कुलूप घालून, किल्ली घेऊन धनी गाव सोडून गेला. काकांना ते कुलूप उघडेना. फोटोवाल्याने मग टीव्हीसमोर कॅमेरा मांडला आणि पडद्याचंच चित्रण केलं. ताईला दाखवलं. पडद्यावरून पट्टे सरकत होते, आवाज विहिरीतून आल्यासारखा. ताईने डोळे मिटून घेतले.

तो सिनेमा 'त्यांच्या' चकतीवरही निघालाय. सर ती चकती आपल्या पेटीसकट घेऊन आले, दारातच म्हणाले, "आता मान-अपमान बाजूला ठेवा." लावला. चित्र लख्ख. पण चादर राखी दिसते, आणि बोलणं नव्याने भरलंय, नव्या माणसाच्या आवाजात. "घाबरू नकोस, आज नदीला ओढ नाही," असं काहीतरी तो म्हणतो. ताई उठली, पडद्यापाशी गेली, पडद्यावर हाताने दोनदा पुसलं आणि भावाकडे बघून रडायला लागली. इंटरनेटवर आहे तोही हाच.

इतकी वर्षं आम्ही थट्टा करत होतो की यांच्या डोळ्यांना दिसणारा निळा जगात कुणालाच दिसत नाही. ताईला दिसत होता. सरांनी चकती पेटीतून काढून खोक्यात घातली.

मी दातवाल्यांना घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर गेलो. तयारीने गेलो. मी पाण्याचा नळ भांडून आणलाय, फेरीवाल्यांच्या गाड्या सोडवून आणल्यात, साहेबांच्या टेबलावर मूठ आपटायला मला कुणी शिकवलेलं नाही. काउंटरवर एक मुलगी होती. मी आवाज चढवला. तिने पेटीचा फोटो पाहिला आणि विचारलं, "काका, हे काय असतं?"

खरंच विचारलं हो तिने. कुत्सित नाही. मग कॉम्प्युटरवर शोधलं, आत जाऊन विचारलं, आम्हाला पाणी आणून दिलं. परत येऊन म्हणाली, "असं काही आपण बनवत होतो हे इथे कुणालाच माहीत नाही. मला फार वाईट वाटतंय." आणि तिला वाटत होतं, डोळ्यांत दिसत होतं. भांडायला समोर माणूस लागतो. मूठ वळलेली तशीच खिशात घालून मी जिना उतरलो. दातवाले माझ्या मागून खाली आले. मग म्हणाले, "चांगली मुलगी आहे. दातांची ठेवण छान आहे."

जोडलेली पेटीही परवा बंद पडली. रेडिओकाकांनी झाकण लावून परत दिली, स्क्रू घट्ट पिळून.

काल दुपारी गेलो होतो. टीव्ही काळा. ताई त्याच्यासमोर खुर्चीत, मानेचं हाड वर आलेलं. दातवाले खाली जमिनीवर बसून, ताट मांडीवर, घोगऱ्या आवाजात म्हणत होते, "बस गं. पाणी शांत आहे. बस गं." नावाड्याची नक्कल. ताई त्यांच्याकडे बघायची, मग काळ्या पडद्याकडे बघायची. कधी दोन घास घेते. काल एकच घेतला. डॉक्टर नाकातून नळीचं बोललाय. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यापाशी टोमणा नव्हता. लोकांचे बंद झालेले जबडे ज्याने उघडे करून दिले, त्याला घरचा एक उघडता येत नाही, आणि मला त्यासाठी कुणाच्या दारात बसायचं ते समजत नाही.

म्हणून तुमच्या दारात बसलोय. हरलेल्या जातीची ती पेटी कुणाच्या तरी माळ्यावर, पलंगाखाली, मेलेल्या काकांच्या कपाटात पडलेली असणार. सूट घ्यायला जी नेली नाही, फेकायला हात झाला नाही, अशी. उठा आणि बघा. सील असेल तर आधी फोडा, मानाचं काय ते मी बघून घेईन. वायर लावा, बटण दाबा. ट्रे बाहेर आला आणि चकती फिरली, तर ती बंद करून पुन्हा गुंडाळून ठेवू नका. तशीच उचला, दवाखान्यांच्या गल्लीत या, कुणालाही दातवाले विचारा. आणि कृपा करून दुपारच्या जेवणाआधी या.